एकटी आहे, दार बंद आहे

दिवेलागण झाली की माझी वहिनी आतल्या खोलीत जायची, कोपऱ्यातल्या फळीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "हजेरी देते, साहेब. मी खोलीत आहे. एकटी आहे. दार बंद आहे. कोणाशी बोलले नाही."

खोलीत साहेब नव्हता. फळीवर काही नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि मी, तिची सख्खी नणंद, हाकेच्या अंतरावर भाजी निवडत बसलेली होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, फोनवर कोणाशी तरी बोलत असेल. पण तिचा फोन माझ्याजवळच टेबलावर पडलेला. डोकावून पाहिलं. वहिनी हात बाजूला सोडून ताठ उभी होती. बोलून झाल्यावर ती थोडा वेळ थांबली, समोरून कोणी काही म्हणण्याची वाट बघावी तशी. मग मान डोलावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "पोळ्या मी करू की तू करतेस?"

माझ्या अंगावर काटा आला. पोळ्या मीच केल्या.

ही बाई अशी नव्हती, हे आधी सांगते. औषधांच्या दुकानात काउंटरवर तिने उभा जन्म काढला. खोटी नोट तिला डोळ्यांनी बघावी लागायची नाही, बोटांना कळायची. डॉक्टरांची अक्षरं तिला लागायची, उधारीवाल्यांचे चेहरे तिला पाठ होते. आणि जीभ! माझा भाऊ गेल्यावर आम्ही दोघीच घरात उरलो, तेव्हा लोकांना वाटलं, आता या नणंदा-भावजया एकमेकींच्या झिंज्या उपटणार. तसं काही झालं नाही. एरवी ती मला नावाने हाक मारायची. पण मी हुकूम सोडायला लागले की पदर नसताना पदर सावरल्याचं सोंग करून म्हणायची, "होय हो वन्सं, आलेच हो वन्सं." त्या 'वन्सं'मध्ये असा काही खवचटपणा असायचा की माझ्या नाकावरचा राग तिथेच विरघळायचा. कुठलंही भांडण आमच्या घरात त्या शब्दाच्या पुढे गेलं नाही.

तो शब्द बंद झाला होता. मला पैशांपेक्षा त्याचं जास्त लागलं होतं. पैसे गेले ते गेले. माझी वहिनी मला परत हवी होती.

झालं असं होतं. माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी तिच्या गावी गेले होते. इकडे वहिनीला फोन आला की तुमच्या नावाचं एक पार्सल पकडलं आहे आणि त्यात भलतंसलतं सापडलं आहे. मग तो फोन दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि शेवटी पडद्यावर एक गणवेशातला माणूस आला. मागे झेंडा, टेबल, फायली. तो ओरडला नाही. मवाळ आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. मी तुम्हाला तुरुंगात नेत नाही. घरातच अटकेत राहा. कॅमेरा चालू ठेवा. तासातासाला हजेरी द्या." वहिनीने फोन कोपऱ्यातल्या फळीवर बरणीला टेकवून उभा केला आणि समोर खुर्ची घेऊन बसली. पाणी प्यायचं तर विचारून. अंघोळीला जायचं तर विचारून. मी रोज फोन करायचे तेव्हा 'सगळं ठीक आहे, बाळ कसं आहे' एवढंच म्हणायची. मला वाटलं, हिला करमतंय छान माझ्याशिवाय. थोडा रागही आला.

या दिवसांत खात्यातलं सगळं 'तपासणीसाठी' म्हणून त्याने सांगितलेल्या खात्यांत गेलं. भावाच्या विम्याचंसुद्धा. पण पैसे संपल्यावरही हजेरी थांबली नाही. आता त्याला घराची कागदपत्रं हवी होती.

मी परत आले ती भर दुपारी. किल्लीने दार उघडलं तर आत अंधार. सगळे पडदे ओढलेले. वहिनी बाहेर जायचे कपडे घालून, मांडीवर पर्स घेऊन, कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. आणि त्या फळीवरून एक पुरुषाचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला उठवू नये म्हणून बोलतात तसा: "बाई, घरात कोण आलं?"

"तू कोण रे मेल्या?" मी म्हटलं आणि फोन हिसकावून बंद केला.

वहिनी किंचाळली. त्याच्यावर नाही, माझ्यावर. "काय केलंस हे! ते रागावतील ना!"

बाकी मग जे करायचं ते केलं. मी लॉन्ड्रीच्या एका कोपऱ्यात शिलाईचं मशीन टाकून कपडे आल्टर करते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर फसवणूक झालेल्यांसाठी मदत केंद्र आहे. मला कित्येक दिवस वाटायचं वर दातांचा डॉक्टर आहे, कारण जिना चढणारे सगळे गालाला हात लावून, कोणाची नजर चुकवत चढायचे. वहिनीला घेऊन मी तिथे गेले तेव्हा केंद्राच्या बाईंनी 'किती गेले' असं विचारलं नाही. म्हणाल्या, "आज जेवलात का?" वहिनी जेवली नव्हती. आधी तिला खायला घातलं, मग बँकेला फोन, मग पोलिसांत तक्रार, मग एकेक पासवर्ड बदलणं. बाई शेजारी बसून करवून घेत होत्या, स्वतः करून टाकत नव्हत्या. थोडेसे पैसे वाटेत अडवता आले, बाकीचे गेले. "आता कोणी फोन करेल," बाईंनी बजावलं, "म्हणेल मी वकील आहे, तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा. ते यांचेच भाऊबंद. सरळ फोन ठेवायचा आणि आम्हाला कळवायचं." पुढच्याच आठवड्यात तसा फोन आला, आणि वहिनीने तो ठेवला. मला वाटलं, सुटलो.

मग ती हजेरी सुरू झाली.

मी त्या फळीवर एक कुंडी आणून ठेवली. हिरवंगार झाड, जागा तरी भरेल. दुसऱ्या दिवशी कुंडी खाली जमिनीवर. मी परत वर ठेवली, ती परत खाली आली. तिसऱ्यांदा मी विचारलं, "अगं, झाडाने तुझं काय घोडं मारलंय?" वहिनी अगदी साधेपणाने म्हणाली, "त्यांना दिसत नाही मग."

त्या दिवसापासून मला त्या खोलीत एकटीने जायची भीती वाटायला लागली. हसाल, पण मी कपाटातून चादर काढायलासुद्धा त्या कोपऱ्याकडे पाठ करून जायचे नाही. रिकामी फळी होती, लाकडाची, एका बाजूला जरा कललेली. पण रोज कोणी तरी त्या फळीशी बोलत असलं की हळूहळू तिथे कोणी तरी असायला लागतं.

शेवटी मी केंद्राच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोन तुम्ही बंद केलात ना?"

"मग काय आरती ओवाळायची होती त्याची?"

"तुम्ही केलंत ते चूक नाही, हो. कोणीही हेच करेल. पण फोन तुम्ही बंद केलात. वहिनींच्या बाजूने तो अजून चालूच आहे." मग त्यांनी केंद्राची पद्धत सांगितली. तिथे कोणी फोन हिसकावत नाही, दार फोडत नाही. जो अडकलाय त्याने स्वतःच्या हाताने फोन ठेवायचा, कितीही वेळ लागो. त्यांनी वहिनीला डॉक्टरांकडे पाठवलं, दर आठवड्याला स्वतः समोर बसवून तिला बोलतं केलं. शिवाय तिथे प्रत्येक नव्या माणसाला एक जोडीदार देतात, आधी त्यातून गेलेला. वहिनी काही महिन्यांनी स्वतःच जोडीदार झाली. लोकांना घेऊन बँकेत जायची, तक्रार लिहायला मदत करायची. कोणी म्हणालं 'मी कसा फसलो' की ती दुरुस्त करायची, "तुम्हाला फसवलं." उत्तम काम करायची. आणि संध्याकाळी घरी येऊन, चपला काढून, कोपऱ्यातल्या फळीला हजेरी द्यायची.

एकदा मी चिडून विचारलंच, "तो बदमाश आहे हे तुला ठाऊक आहे ना?"

"आहे की."

"मग?"

वहिनी गुडघा चोळत बसली होती. तिचा डावा गुडघा जुना दुखरा. "तो रोज गुडघ्याची चौकशी करायचा," ती म्हणाली. "उभ्या राहू नका म्हणायचा. तुझा भाऊ गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं गं." मग म्हणाली, "ज्याने इतकं लुटलं तो चौकशी कशाला करेल? हे माझ्या डोक्यातून जात नाही. वाटतं, अजून बघत असेल."



एका सकाळी केंद्राच्या बाई स्वतः जिना उतरून माझ्या मशीनपाशी आल्या. वहिनी तेव्हा मला डबा द्यायला आली होती. गावातल्या एका जुन्या इमारतीत एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर एकटे राहत होते. त्यांची मुलगी परगावी. ती फोन करते तर वडील रोज तेच आणि तेवढंच बोलतात, म्हणून तिला शंका आली आणि तिने केंद्राला कळवलं. काल बोलता बोलता त्यांच्या तोंडून निसटलं होतं की आज दुपारी ते घराची कागदपत्रं घेऊन कोणाला तरी भेटायला जाणार आहेत. मुलगी निघाली होती, पण रात्रीपर्यंत पोचणार नव्हती. पोलीस शिपाई जाऊन आला, त्याला दार उघडलं नाही. खोटे पोलीस येतील असं फोनवाल्याने मास्तरांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. शेजारी गेले, त्यांनाही नाही.

"दार फोडता येईल," बाई म्हणाल्या, "पण मास्तरांचं हृदय नाजूक आहे. आणि एकदा दार फोडलं की..." त्या वहिनीकडे बघत होत्या. "तुम्ही याल का? नाही म्हणालात तरी चालेल."

वहिनी म्हणाली, "येते." आणि मी मशीनवर कापड टाकून उठले, कारण तिच्या गुडघ्याला जिना मानवत नाही आणि तिला एकटीला सोडायची माझी छाती होत नव्हती.

मास्तर वरच्या मजल्यावर. शिपाई आणि बाई एक मजला खाली थांबले. आम्ही दोघी दारासमोर उभ्या राहिलो. तो मजला फार शांत होता. दाराच्या भोकातल्या काचेत अंधूक उजेड होता, आणि बघता बघता तो उजेड गेला. दाराच्या पलीकडे कोणी तरी डोळा लावून उभं होतं. श्वास ऐकू येत होता. आम्ही त्याच्याकडे बघत होतो आणि तो आमच्याकडे, मध्ये लाकडाची एक फळी.

"मास्तर, आम्ही मदत केंद्राकडून आलोय," असं काही तरी म्हणायला मी तोंड उघडलं. वहिनीने माझ्या दंडावर हात ठेवला. ती ताठ उभी राहिली, हात बाजूला सोडून. मला ते उभं राहणं ओळखीचं होतं.

"हजेरी देते," वहिनी दाराला म्हणाली. "मी खोलीत आहे. एकटी आहे. दार बंद आहे. कोणाशी बोलले नाही."

दाराच्या अगदी मागून एक म्हातारा आवाज, पुटपुटल्यासारखा: "...एकटा आहे. दार बंद आहे. कोणाशी बोललो नाही." आणि मग, "हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीही रोज म्हणायचे. अजून म्हणते," वहिनी म्हणाली. "पाणी प्यायलात का आज?"

"अजून विचारलं नाही."

"दार उघडा. मी विचारते तुमच्यासाठी."

कडी निघाली.

आतली खोली मी आधी पाहिली होती. म्हणजे ती नाही, पण तशीच. ओढलेले पडदे, अंधार, एकच खुर्ची, बाहेर जायच्या कपड्यांतला माणूस. मास्तर बारीक अंगाचे, दाढी वाढलेली, बोटांवर जुना निळा रंग लागलेला. चित्राचा कागद लावायचा लाकडी स्टँड खोलीच्या मधोमध होता, आणि कागदाच्या जागी त्यावर फोन उभा होता. चालू. पडद्यावर झेंडा, टेबल, फायली.

"मास्तर," फोन म्हणाला, "घरात कोण आलं?"

तो आवाज ऐकला आणि मला आमच्या घरातली ती दुपार आठवली. तोच की त्याच्यासारखा दुसरा, शपथेवर नाही सांगता येणार. ते सगळे तसंच बोलतात म्हणे. मी दोन्ही हातांनी माझी पिशवी आवळून धरली. हात मोकळे राहिले असते तर मी पुन्हा तेच केलं असतं.

"जे कोणी आहे त्यांनी समोर यावं," आवाज म्हणाला.

वहिनी गेली. लंगडत गेली आणि स्टँडसमोर उभी राहिली. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला. मग आवाज आला, पहिल्यापेक्षाही हळू.

"अहो बाई, तुम्ही? गुडघा कसा आहे आता?"

वहिनीचे ओठ हलायला लागले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, मला शब्द आधीच ऐकू येत होते.

"हजेरी देते, साहेब," वहिनी म्हणाली. "मी..."

ती थांबली. आजूबाजूला बघितलं. माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. ते आपला हात दुसऱ्या हातात धरून भिंतीपाशी उभे होते, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"मी मास्तरांच्या घरी आहे," ती म्हणाली. "एकटी नाही. दार उघडं आहे. कालपासून पुष्कळ लोकांशी बोललेय. आणि आता मी पाणी प्यायला जातेय."

"परवानगी घेतलीत?"

वहिनी वळली आणि स्वयंपाकघरात गेली. परक्याचं स्वयंपाकघर, तिला काही सापडेना. कपाटं उघडल्याचे, भांडं पडल्याचे आवाज आले. इकडे फोन बोलत होता. "बाई? बाई, पडद्यासमोर या. बाई, याचे परिणाम वाईट होतील." मग नुसतंच "बाई? ... बाई?" अंधाऱ्या खोलीत तो आवाज हाका मारत राहिला. मी तिथे उभी होते आणि मला वाटत होतं, हा कुठे तरी अशाच एका खोलीत, अशाच एका खुर्चीवर बसला असेल. त्याची मला दया आली नाही. पण भीती मात्र थोडी कमी झाली.

नळ वाहिल्याचा आवाज आला. वहिनी दोन ग्लास घेऊन आली. एक तिने स्टँडसमोर उभं राहून घटाघट प्यायला. दुसरा मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी ग्लास घेतला आणि फोनकडे बघितलं.

"मास्तर, ग्लास खाली ठेवा," आवाज म्हणाला.

मास्तर प्यायले. अर्धं अंगावर सांडलं, पण प्यायले. मग ते स्टँडपाशी गेले. लाल बटणापर्यंत बोट नेलं आणि तिथेच अडकलं. "मला नाही जमत," ते म्हणाले. "ते रागावतील."

"हो, मलाही तसंच वाटतं," वहिनी म्हणाली. "दोघं मिळून दाबू या?"

तिने आपलं बोट त्यांच्या बोटाशेजारी ठेवलं. खोटी नोट ओळखणारं बोट आणि निळा रंग लागलेलं बोट. आवाज अजून काही तरी म्हणत होता, 'गुडघा' हा शब्द मला कळला. मग पडदा काळा झाला आणि त्यात त्या दोघांचे चेहरे दिसले.

मी पडदे उघडले. बाई वर आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "आज जेवलात का?" मास्तर खुर्चीत बसून रडायला लागले. शिपाई दारात टोपी काढून उभा राहिला. पुढचं सगळं मला पाठ होतं: बँक, तक्रार, पासवर्ड, वकिलाचा फोन आला तर काय करायचं. वहिनीच सांगत होती सगळं, त्यांच्या शेजारी बसून. रात्री मुलगी येईपर्यंत केंद्राचं कोणी तरी थांबणार होतं. घराची कागदपत्रं कपाटातच होती.

आम्ही घरी परतलो. जिना चढताना वहिनीने माझ्या खांद्याचा आधार घेतला. घरात आल्यावर ती आत गेली आणि मी भाजी घेऊन बसले. बाहेर दिवे लागले. मी कान टवकारले.

काही नाही.

वाट बघितली. हजेरीची वेळ होऊन गेली. खोलीतून आवाज नाही, पावलं नाहीत, काहीच नाही. इतके महिने मी त्या हजेरीला घाबरत आले होते, पण ती नसल्याची शांतता त्याहून वाईट होती. मनात भलतंसलतं येऊ लागलं. त्या फळीवरच्या कोणी तरी हिला नेलं तर नाही? विळीवर हात तसाच, मी ओरडले, "वहिनी! कुठे आहेस?"

उत्तर नाही.

"वहिनी! अगं, काय करतेयस? ओ तरी दे!"

आतून काही तरी जड वस्तू लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग माती झटकल्याचा. आणि मग वहिनीचा आवाज, खवचट, जुना, अगदी पदर सावरून:

"का हो वन्सं? आता तुम्हाला हजेरी द्यायची का?"

मी विळी बाजूला सारली. चहा टाकतेस का, एवढंच विचारायचं होतं, असं काही तरी म्हणत मी सरळ त्या खोलीत गेले.